पॅकेजची फोड

भाचीने व्हॉट्सॲपवर दोन पानांचा पीडीएफ पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘मामा, जरा बघता का? शुक्रवारपर्यंत सही करून पाठवायचंय.’

पोरगी मिरजेची. रेडिओलॉजीत बीपीएमटी ही पदवी घेतलीय, इंटर्नशिप संपल्यावर तीन वर्षं एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये सीटी चालवतेय. मी स्वतः इंग्लंडात एक्स-रे विभागात बरीच वर्षं काढली असल्यामुळे नात्यागोत्यातले असे कागद माझ्याकडे येतात. हा कागद तिथल्या एका खासगी इमेजिंग कंपनीचा होता, मध्ये पुण्याचा एजंट. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, एकूण पॅकेज वर्षाला ३१,२०० पौंड. त्याचं मराठी एजंटनेच करून दिलं होतं, ‘महिन्याला तीन लाख रुपये.’ घरात पेढे आणायचेच काय ते बाकी होते.

दुसऱ्या पानावर त्या पॅकेजची फोड होती. मूळ पगार २४,६००. निवास भत्ता ३,६००. कामगिरीनुसार बोनस ३,००० ‘पर्यंत’. आठवड्याचे तास ४५. पद, इमेजिंग टेक्निशियन. आणि अगदी खाली, बारीक टायपात, स्पॉन्सरशिपचा खर्च म्हणून ३,५०० पौंड चोवीस हप्त्यांत पगारातून कापले जातील, असं एक वाक्य.

यातली एकही ओळ सरळ नव्हती. एकेक करून सांगतो, कारण असे कागद सध्या सांगलीपासून नांदेडपर्यंत फिरतायत आणि बहुतेक घरांत फक्त पहिलं पान वाचलं जातं.

ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेतल्या परदेशी माणसासाठी ‘हेल्थ अँड केअर वर्कर’ नावाचा व्हिसा ऑगस्ट २०२० पासून आहे. हा स्किल्ड वर्कर व्हिसाचाच एक प्रकार. बोलावणाऱ्या संस्थेकडे सरकारी परवाना लागतो, ती स्पॉन्सर होते आणि तुमच्या नावाने एक सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप काढते. सगळे त्याला सीओएस म्हणतात. नाव सर्टिफिकेट असलं तरी तो फ्रेममध्ये लावायचा कागद नाही. संगणकातली एक नोंद आणि तिचा क्रमांक, एवढंच. त्या नोंदीत तुमचं पद, कामाचा चार आकडी कोड, आठवड्याचे तास, कामाचा पत्ता आणि पगार लिहिलेला असतो, आणि व्हिसा अधिकारी तेवढंच बघतो. एजंटने फोनवर काय सांगितलं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

आता पगाराचा नियम. त्याला दोन चाळण्या आहेत आणि पगार दोन्हींतून पार व्हावा लागतो. पहिली चाळणी सरसकट किमान रकमेची. दुसरी त्या कामाच्या ठरलेल्या दराची, म्हणजे ‘गोइंग रेट’ची. जो आकडा मोठा, तो लागू. एजंट लोक नेमका लहान आकडा सांगतात आणि तो खोटा नसल्यामुळे माणूस फसतो. ‘सर, मिनिमम पंचवीस हजारच आहे, आम्ही तर एकतीस देतोय!’

पंचवीस हजार हा आकडा खरा आहे. ज्या आरोग्य-पदांचा दर राष्ट्रीय वेतनश्रेणीवर ठरतो त्यांच्यासाठी पहिल्या चाळणीची रक्कम ९ एप्रिल २०२५ पासून वर्षाला २५,००० पौंड आहे. एप्रिल २०२४ मध्ये ती २३,२०० झाली होती, त्याआधी २०,९६०. जी आरोग्य-पदं राष्ट्रीय श्रेणीत बसत नाहीत त्यांना २२ जुलै २०२५ पासून साधारणपणे ३१,३०० लागतात. आरोग्याबाहेरच्या सर्वसाधारण स्किल्ड वर्करला ४१,७००. आकडे पाठ करण्यात अर्थ नाही, ते वर्ष-दोन वर्षांत हलतात. कुठला आकडा तुम्हाला लागू, हे बहुतेक वेळा तुमचं सर्टिफिकेट कुठल्या तारखेला निघालं यावर ठरतं. म्हणून मावसभावाला २०२३ मध्ये जे चाललं ते तुम्हाला चालेल असं धरून बसू नका.

खरी चाळणी दुसरी. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, डॉक्टर सोडून बहुतेक सगळ्यांचा पगार ‘अजेंडा फॉर चेंज’ नावाच्या श्रेणीने ठरतो. तिचे बँड असतात. नवा रेडिओग्राफर बँड ५ मध्ये लागतो. २०२५-२६ ला इंग्लंडात बँड ५ ची सुरुवात ३१,०४९ पौंडांवर होती, बँड ६ ची ३८,६८२ वर. हा पगार आठवड्याला साडेसदतीस तासांचा. स्कॉटलंडचा तक्ता वेगळा, पैसे जरा जास्त आणि आठवडाही छोटा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे एजंट कधी सांगत नाहीत: मालक खासगी असला तरी व्हिसासाठी रेडिओग्राफरचा दर याच श्रेणीवरून धरतात. ‘आम्ही एनएचएस नाही, आमचं पे स्ट्रक्चर वेगळं आहे’ हे कंपनीने तिच्या गावच्या माणसाला खुशाल सांगावं. व्हिसावर आणलेल्या रेडिओग्राफरला बँड ५ च्या खाली उतरवता येत नाही.

दोन्ही चाळण्या लागतात म्हणजे काय, याचा एक नमुना खुद्द एनएचएसमध्येच झाला. २०२५-२६ ला बँड ३ ची सुरुवात होती २४,९३७ पौंड. व्हिसाची किमान रक्कम २५,०००. फरक वर्षाला ६३ पौंडांचा. सरकारनेच ठरवलेला पगार सरकारच्याच व्हिसाला कमी पडला आणि बँड ३ मधल्या परदेशी मदतनिसांच्या डोक्यावर व्हिसा वाढवून मिळेल की नाही ही टांगती तलवार आली. त्रेसष्ट पौंडांत तिकडे धड एक हिवाळी जाकीट येत नाही. पण व्हिसाच्या खिडकीवर ‘जवळपास’ नावाचा प्रकारच नसतो.

आता भाचीचा कागद पुन्हा पुढ्यात घेऊ.

व्हिसासाठी पगार म्हणून धरतात तो फक्त हमी दिलेला मूळ पगार, कर कापण्याआधीचा. पीएफसारखी पेन्शनची तुमची वर्गणी त्यातून वजा करत नाहीत, ते ठीक. पण निवास भत्ता, महागाई म्हणून काही, बोनस, ओव्हरटाइम, रात्रपाळीचे जादा पैसे, विमानाचं तिकीट, पोहोचल्यावर द्यायची ‘वेलकम’ रक्कम, यातलं काहीही धरत नाहीत. कंपनी खरोखर देणार असली तरी नाही. म्हणजे ३१,२०० मधले निवासाचे ३,६०० गेले, बोनसचे ३,००० गेले, उरले २४,६००. पहिल्याच चाळणीत अडकले.

मग तास. मला विचाराल तर पैशांपेक्षा आधी तास बघावेत, कारण फसवणूक तासांत लपते. हिशेब कुणीही करू शकतं, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरे. आठवड्याचे तास गुणिले ५२. येईल त्याने वर्षाच्या मूळ पगाराला भागायचं. भाचीचे ४५ गुणिले ५२ म्हणजे २,३४० तास. २४,६०० भागिले २,३४० म्हणजे तासाला साधारण १०.५१ पौंड.

आता याच्या शेजारी तीन दर ठेवा. ब्रिटनचं सर्वसामान्य किमान वेतन, जे दुकानात कपडे घड्या घालणाऱ्या मुलीलाही मिळालंच पाहिजे, ते २१ वर्षांवरच्यांसाठी एप्रिल २०२५ पासून तासाला १२.२१ आणि एप्रिल २०२६ पासून १२.७१. व्हिसाच्या २५,००० ला साडेसदतीस तासांच्या आठवड्याने भागलं की १२.८२ येतात. आणि बँड ५ चा तासाचा दर पडतो १५.९२. भाचीचा कागद व्हिसाच्या नियमात बसत नव्हता एवढंच नाही, तो त्या देशाच्या किमान वेतनाच्या कायद्यातही बसत नव्हता. सीटी मशीनवर माणूस बसवायचा आणि दर हातगाडीवरच्या पोऱ्याला देतात त्याहून कमी.

आणि समजा तिला ४५ तास कामच करायचंय. तरुण आहे, हौस आहे, करू दे. मग बँड ५ चा दर तासांच्या प्रमाणात चढतो. ३१,०४९ हे साडेसदतीस तासांचे असतील, तर ४५ तासांचे होतात सुमारे ३७,२५९. कंपनी पॅकेज म्हणून ३१,२०० दाखवत होती आणि द्यायला हवे होते मूळ पगारातच सदतीस हजारांच्या वर. तास वाढवून आकडा फुगवायचा ही युक्ती जुनी आहे, म्हणून नियमात त्यालाही कुंपण घातलंय: किमान रक्कम गाठली का हे बघताना आठवड्याच्या ४८ तासांपलीकडच्या कामाचे पैसे धरतच नाहीत.

उलट्या बाजूचाही एक खड्डा सांगून ठेवतो, विशेषतः लहान मूल असलेल्या आयांसाठी. कामाचा दर तासांच्या प्रमाणात कमी होतो, पण पहिल्या चाळणीचे २५,००० होत नाहीत. बँड ६ वर असलेल्या बाईने आठवड्यातून पाचाऐवजी तीनच दिवस काम घेतलं तर ३८,६८२ चे होतात सुमारे २३,२०९. पगार तिच्या कामाला रास्त, पण व्हिसाला कमी. तास कमी करण्याचा अर्ज एचआरला देण्याआधी हा गुणाकार करा.

राहिली ती बारीक टायपातली ओळ. स्पॉन्सर होण्याचा खर्च मालकाचा असतो. परवान्याची फी, सीओएसची फी आणि इमिग्रेशन स्किल्स चार्ज. सीओएसची फी एप्रिल २०२५ पासून ५२५ पौंड आहे. स्किल्स चार्ज १६ डिसेंबर २०२५ पासून मोठ्या कंपनीला वर्षाला १,३२०, लहान कंपनीला ४८०. स्किल्स चार्ज कामगाराकडून घ्यायला बंदी पहिल्यापासूनच आहे. परवाना आणि सीओएसच्या फीबाबत ती ३१ डिसेंबर २०२४ पासूनच्या सर्टिफिकेटांना लागू झाली. त्याशिवाय, असा खर्च किंवा कंपनीने दिलेलं कर्ज पगारातून वळतं करत असतील तर एप्रिल २०२५ पासून तेवढी रक्कम पगारातून वजा धरून मग किमान रकमेशी ताडतात. म्हणजे भाचीच्या २४,६०० मधून वर्षाला आणखी १,७५० गेले. उरले २२,८५०.

तुमच्या खिशातून रीतसर जातं ते वेगळं. तुमची स्वतःची व्हिसा फी, इंग्रजीची परीक्षा, नोंदणीची फी, टीबीची तपासणी. (त्या तपासणीत छातीचा एक्स-रे काढतात. रोज दुसऱ्यांना ‘श्वास रोखा’ म्हणणाऱ्याला त्या दिवशी स्वतः रोखावा लागतो.) मात्र स्किल्ड वर्करला जो वर्षाला १,०३५ पौंडांचा हेल्थ सरचार्ज भरावा लागतो, तो हेल्थ अँड केअर व्हिसावाल्याला माफ आहे. एजंटच्या कोटेशनमध्ये तीन वर्षांचा सरचार्ज म्हणून ३,१०५ पौंड लावलेले असतील तर दोनच शक्यता. एक तर तो पैसे खातोय, नाही तर तुमचा व्हिसा तो सांगतोय तो नाहीच. दुसरी शक्यता हसण्यावारी नेऊ नका. हेल्थ अँड केअर व्हिसासाठी मालक एनएचएस तरी असावा लागतो, नाही तर एनएचएसला वैद्यकीय सेवा पुरवणारा किंवा प्रौढांच्या देखभालीतला. फक्त रोख पैसे देणाऱ्या खासगी पेशंटचे स्कॅन करणारी कंपनी यात बसत नाही. तिथे साधा स्किल्ड वर्कर व्हिसा आणि सरचार्जसकट सगळा खर्च.

आता ‘टेक्निशियन’ या शब्दाकडे येतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महागडा शब्द हाच.

आपल्याकडे तो सरसकट वापरतात. एक्स-रे टेक्निशियन, लॅब टेक्निशियन, ओटी टेक्निशियन, डायलिसिस टेक्निशियन. सहा महिन्यांचा खासगी क्लास केलेलाही टेक्निशियन आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं तीन वर्षांचं बीपीएमटी आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप केलेलाही टेक्निशियन. ब्रिटनमध्ये मात्र रेडिओग्राफर हा पदवीच्या पातळीवरचा व्यवसाय आहे, त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसी, हिच्याकडे नोंदणी असल्याशिवाय ते नाव लावता येत नाही. बायोमेडिकल सायंटिस्टचं तसंच, ऑपरेटिंग डिपार्टमेंट प्रॅक्टिशनरचं तसंच. ‘टेक्निशियन’ म्हटलं की तिथल्या वर्गवारीत काम बहुधा एक पायरी खाली जातं.

पायरी खाली जाण्याचा परिणाम २२ जुलै २०२५ नंतर भलताच मोठा झाला. त्या दिवसापासून बाहेरून नवा माणूस बोलवायचा तर काम पदवीच्या पातळीचं लागतं. त्याखालची कामं फक्त दोन खास याद्यांत असतील तरच चालतात, आणि या याद्या २०२६ अखेरपर्यंतच धरलेल्या आहेत. लॅबोरेटरी टेक्निशियन एप्रिल २०२४ च्या यादीत होता, पण तोही तीन वर्षांचा अनुभव लागणाऱ्या जागांपुरता. शिवाय पदवीखालच्या कामावर आता नव्याने जाणाऱ्याला नवरा-बायको, मुलं बरोबर नेता येत नाहीत. लग्न ठरलेल्या पोरांनी हे वाक्य दोनदा वाचावं. केअर वर्करला बाहेरून बोलावणं तर त्याच दिवशी बंद झालं. तरीही ‘सध्या केअरमध्ये जा, नंतर टेक्निशियनला बदलू’ असं सांगणारे भेटतात. (आधीपासून व्हिसावर तिथे असलेल्यांना काही सवलती आहेत. त्यांनी आपली तारीख धरून वेगळी विचारपूस करावी.)

म्हणून कोड विचारा. सीओएसमध्ये कामाचा चार आकडी कोड असतो. मेडिकल रेडिओग्राफरचा २२५४. मेडिकल अँड डेंटल टेक्निशियनचा ३२१३. दोनाने सुरू होणारे बहुतेक पदवीच्या पातळीचे, तीनाने सुरू होणारे बहुतेक त्याखालचे. भाचीच्या पत्रात कोडच नव्हता. काम मात्र सीटी प्रोटोकॉल लावण्याचं, काँट्रास्ट देण्याचं, म्हणजे सरळसरळ रेडिओग्राफरचं. काम वरचं, नाव खालचं आणि पगार त्याच्याही खालचा.

डीएमएलटीवाल्यांना, म्हणजे लॅबचा डिप्लोमा केलेल्यांना, थोडं कडू सांगतो. एचसीपीसी तुमचा अभ्यासक्रम विषयवार, तासवार बघते आणि तिथल्या पदवीशी ताडते. नुसत्या डिप्लोमावर बायोमेडिकल सायंटिस्टची नोंदणी मिळेल ही आशा कुणी दाखवत असेल तर त्याला आधी एकही पैसा देऊ नका. इंग्रजीचंही तेच. एचसीपीसीला आयईएलटीएसमध्ये एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नाही असे गुण लागतात. व्हिसाची पातळीही ८ जानेवारी २०२६ पासून बी१ वरून बी२ झाली. ‘इंग्लिशचं आम्ही बघून घेऊ’ म्हणणारा एजंट काय बघून घेणार आहे, ते त्यालाच ठाऊक.

एजंटबद्दल अजून दोन शब्द. ब्रिटनमध्ये नोकरी शोधून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घ्यायला १९७३ च्या एम्प्लॉयमेंट एजन्सीज ॲक्टनेच मनाई आहे. पैसे मालकाने द्यायचे. आपल्याकडे परदेशी भरती करणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली नोंदणी लागते, आणि नोंदणी असलेल्यालाही सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, पावतीसकट. नोंदणी खरी की खोटी ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं. विचारायचं असेल तर मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय आहे. आठ-दहा लाख मागणारे जे आहेत ते ‘प्रोसेसिंग’ म्हणतात, ‘फाइल चार्ज’ म्हणतात, ‘सीओएसची किंमत’ म्हणतात. उमेदवारासाठी सीओएसला किंमत नसते. शेत गहाण टाकून घेतलेल्या सीओएसवर गेलेला माणूस तिथे पोहोचल्यावर कमी पगारालाही मान डोलावतो, कारण मागे व्याज चालू असतं. या धंद्याचं गणित त्यावरच उभं आहे.

कंपनीची खातरजमा घरबसल्या होते. ब्रिटिश सरकार परवानाधारक स्पॉन्सरांची यादी गव्ह.यूके या संकेतस्थळावर ठेवतं, नाव, गाव, व्हिसाचा प्रकार आणि रेटिंग यांसह. ‘ए’ रेटिंग आहे का बघा. नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का तेही बघा. चांगल्या कंपनीच्या नावापुढे एक ‘केअर’ किंवा ‘ग्रुप’ चिकटवून पत्र पाठवणारे महाभाग आहेत. पण यादीत नाव असणं म्हणजे पगार बरोबर असणं नव्हे. भाचीची कंपनी यादीत होती.

अमेरिकेबद्दल लोक लगेच विचारतात म्हणून एका वाक्यात: तिथल्या एच-१बी व्हिसाला असा सरसकट एक आकडा नसतो, तिथे त्या कामाचा त्या भागातला ‘प्रिव्हेलिंग वेज’ चार पायऱ्यांत ठरतो, आणि पायरी कोणती लावली हीच तिथली खाच असते. इथला हिशेब तिथे लावू नका.

तर समजा सगळं जुळलं, बँड ५ चं पत्र आलं. मग हातात किती? तीन लाख नाही. ३१,०४९ वर २०२५-२६ च्या दराने पहिले १२,५७० करमुक्त, पुढच्यावर २० टक्के इन्कम टॅक्स आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स. पेन्शनची वर्गणी सोडून महिन्याला साधारण २,१५६ पौंड राहतात, पेन्शन कापली की आणखी कमी. त्यातून भाडं, हीटिंग, बसपास. घरी पाठवायचा आकडा हा हिशेब झाल्यावरच सांगा. वडील बोलून मोकळे होतात आणि नंतर तो आकडा दर महिन्याला तुम्हाला पुरा करावा लागतो.

पहिल्याच दिवशी लेखी अटी मिळणं हा तिथे हक्क आहे आणि दर पगाराला तपशीलवार पे स्लिप मिळणं हाही. पहिली पे स्लिप आली की सीओएसमधला आकडा शेजारी ठेवून बघा. मूळ पगार बाराने भागून जुळतोय का, तास तेच का, ‘लोन’, ‘ॲडमिन’, ‘ट्रेनिंग रिकव्हरी’ अशा नावाची कपात आहे का. होम ऑफिस, म्हणजे ब्रिटनचं गृहखातं, कर खात्याकडच्या पगाराच्या नोंदी बघतं. सीओएसमध्ये एक आणि खात्यात दुसरं असेल तर परवान्यावर गदा येते. आणि इथे या व्यवस्थेतली सर्वांत वाईट गाठ आहे. परवाना गेला किंवा नोकरी सुटली की साधारण साठ दिवसांत तुम्हाला दुसरा स्पॉन्सर शोधून नवा अर्ज करावा लागतो, नाही तर परत यावं लागतं. गुन्हा मालकाचा, घड्याळ तुमचं चालू होतं. म्हणून बरेच जण गप्प बसतात आणि मालकालाही हे पुरतं ठाऊक असतं.

यावर माझ्याकडे रामबाण उपाय नाही. पण गेल्यावर पहिल्या महिन्यातच युनियनचं सभासद व्हा. रेडिओग्राफर असाल तर सोसायटी ऑफ रेडिओग्राफर्स, बाकी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी युनिसन. आपल्याकडे युनियन म्हटलं की झेंडे आठवतात. तिकडे ती तुमच्या करारावर बोट ठेवून एचआरच्या खोलीत शेजारी बसणारी माणसं असतात. एकास नावाच्या संस्थेचा फुकट सल्ला फोनवर मिळतो. आणि सगळे कागद, ऑफर लेटर, सीओएसचा तपशील, पे स्लिपा, रोस्टरचे फोटो, कंपनीच्या ईमेलवर न ठेवता स्वतःच्या ईमेलवर ठेवा. नोकरी सुटली की कंपनीचा ईमेल दुपारपर्यंत बंद होतो.

शुक्रवारच्या आत भाचीने सही केली नाही. तिच्याकडून एक छोटी मेल लिहून घेतली, चार प्रश्नांची. कामाचा चार आकडी कोड काय? हमीचा मूळ पगार, भत्ते सोडून, किती? हा पगार आठवड्याला किती तासांसाठी? पगारातून नेमकी कोणती कपात, आणि ती कोणत्या नियमाने? सुरात कुठेही भांडण नको, हे तिला बजावलं. ज्याला खरंच रेडिओग्राफर हवाय तो मालक या चार ओळींना अर्ध्या दिवसात उत्तर देतो, कारण सीओएस काढताना त्याला हेच रकाने भरायचे असतात.

उत्तर कंपनीचं आलं नाही, एजंटचं आलं. ‘मॅडम, इतके प्रश्न विचारणाऱ्या कँडिडेट्सना क्लायंट प्रिफर करत नाही.’ बहिणीचं तोंड दोन दिवस उतरलेलं होतं. शेजारच्या गल्लीतला एक मुलगा तशाच कागदावर सही करून बसलाय, त्याच्या आईने तर पेढेही वाटले.

भाचीने आता एचसीपीसीचा अर्ज काढलाय. नोंदणी हातात आली की मधला माणूस न धरता एनएचएसच्या जागांना थेट अर्ज करता येतो, बँड पत्रातच छापलेला असतो. त्यासाठी कॉलेजकडून चारही वर्षांचा अभ्यासक्रम, थिअरीचे आणि प्रॅक्टिकलचे तास वेगवेगळे दाखवून, प्रत्येक पानावर शिक्का मारून हवाय. क्लार्क म्हणालेत, मंगळवारी या, शिक्का मॅडमच्या कपाटात आहे.